उन्हात खंगते, थंडीत दगा देते. दुचाकीची बॅटरी घेताना आणि सांभाळताना काय पाहाल?

मोहोळ : सकाळी निघायची घाई असते, सेल्फचे बटण दाबले की नुसती ‘टकटक’ ऐकू येते, मीटरवरचे दिवे मंद होतात आणि गाडी काही सुरू होत नाही. दुचाकीस्वारांना हा प्रकार नवा नाही. निदानही ठरलेले असते : बॅटरी गेली, नवी टाका. पण बॅटरी उतरण्यामागे गाडीतले दुसरेच दुखणे असू शकते. चार्जिंग नीट होत नसेल किंवा गाडी बंद असतानाही कुठून तरी वीज खर्च होत असेल, तर नवी बॅटरीही काही महिन्यांत बसते आणि हजाराच्या पुढचा खर्च पुन्हा अंगावर येतो.

मोहोळसारख्या तालुक्यात हा प्रश्न जास्त जाचतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. रेल्वे स्थानक, एसटी स्थानक किंवा बाजारात गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. अनगर, कुरुल, कामती, टाकळी सिकंदर या भागातल्या शेतकऱ्याला रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळेत मोटार सुरू करायला रानात जावे लागते. तिथे गाडी बंद पडली, तर गॅरेज जवळ नसते. म्हणूनच बॅटरी कशी निवडायची, कशी तपासायची आणि तिचे आयुष्य कसे वाढवायचे, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

दुचाकीला बॅटरी आता इतकी महत्त्वाची का झाली?

जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्या बॅटरी मेली तरी किकवर सुरू होत. दिवे आणि हॉर्न वगळता फारसे काही अडत नसे. आता तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू असताना हेडलाइट कायम पेटता ठेवणारी रचना बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि फ्युएल इंजेक्शन साध्या १०० सीसीच्या गाडीतही आले.

फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि त्यांना आदेश देणारे ईसीयू हे सगळे विजेवर चालते. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर अशी गाडी ढकलून सुरू होईलच याची खात्री नसते. गिअर नसलेली स्कूटर तर ढकलून सुरू होतच नाही. त्यात अनेक नव्या मोटारसायकलींना किकच नसते. त्यामुळे बॅटरीकडे दुर्लक्ष करणे पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही.

बॅटरीच्या आत नेमके काय घडते?

दुचाकीची बहुतेक बॅटरी ही शिसे आणि आम्लाची असते. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये अशी बॅटरी तयार केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेट असतात, त्यांच्यामध्ये सौम्य गंधकाम्ल असते.

बॅटरी वापरली जाते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्ज झाली की तो विरघळतो. बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली, तर हा थर कडक होतो आणि पुन्हा विरघळत नाही. याला मेकॅनिकच्या भाषेत ‘सल्फेट धरणे’ म्हणतात. एकदा असे झाले की चार्जिंगला लावूनही बॅटरी ताकद धरत नाही.

उन्हाचा संबंध काय? बॅटरी तर थंडीत बसते!

रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. बॅटरीला हाच नियम लागू पडतो. उष्णतेने आतले पाणी लवकर कमी होते, प्लेटची जाळी गंजते आणि गाडी उभी असतानाही बॅटरी वेगाने उतरते. सीटखाली किंवा साइड पॅनलमागे बसवलेल्या बॅटरीला वरून ऊन आणि शेजारून इंजिनची धग असा दुहेरी मार बसतो.

हे नुकसान उन्हाळ्यात लगेच दिसत नाही, कारण उष्णतेत बॅटरीला करंट देणे सोपे जाते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहाटे गारठा पडला की उलटे होते. आतली क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी नेमकी तेव्हा हात टेकते. दोष थंडीला दिला जातो, पण झीज आधीच झालेली असते.

रोज गाडी चालवूनही बॅटरी का उतरते?

किती अंतर चालवली, हे महत्त्वाचे. मोहोळहून चिंचोली एमआयडीसी किंवा सोलापूरला रोज ये-जा करणाऱ्याची गाडी महामार्गावर चांगल्या वेगात बराच वेळ चालते. तिची बॅटरी पूर्ण चार्ज होते. घरापासून बाजारपेठ, बाजारातून बँक, बँकेतून घर अशा एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचे तसे नसते. प्रत्येक वेळी सेल्फ मोठा करंट ओढतो आणि तो भरून निघण्याआधीच गाडी बंद होते. कमी आरपीएमला चार्जिंगही कमी असते. रोज थोडी तूट राहते आणि काही आठवड्यांत बॅटरी अर्ध्यावर येते.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय असलेल्या गाड्यांत बॅटरीवर आणखी भार येतो. बॅटरी अशक्त वाटत असेल, तर ती सोय तात्पुरती बंद ठेवावी. बाहेरून बसवलेले फॉग लाइट, दुहेरी हॉर्न, जीपीएस, मोबाइल चार्जर हेही हिशेबात धरावे लागतात.

चावी चालू राहिली तर काय होते, हे साध्या गणिताने कळते. पुढचा पार्किंग लाइट ५ वॅट आणि मागचा ५ वॅट, असे १० वॅट म्हणजे सुमारे ०.८ अँपिअर करंट. ३ एएच क्षमतेची बॅटरी यावर जेमतेम साडेतीन-चार तासांत रिकामी होते.

नवी बॅटरी घेण्याआधी कोणते तीन आकडे पाहावेत?

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. काही शेकड्यांत मिळणारे हे उपकरण कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळे मायनसला लावावे.

पहिला आकडा, गाडी थंड असताना : रात्रभर बंद असलेल्या गाडीवर सकाळी चावी न लावता मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ च्या आसपास अर्धी. १२ च्या खाली गेली असेल, तर ती जवळपास रिकामी आहे.

दुसरा आकडा, सेल्फ मारताना : बटण दाबलेले असताना आकडा खाली येणारच. पण भरलेली बॅटरीही ९.५ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर तिच्यात दम राहिलेला नाही. बॅटरी उतरलेली असेल, तर आधी पूर्ण चार्ज करून मगच ही चाचणी घ्यावी, नाहीतर चांगली बॅटरीही नापास होते.

तिसरा आकडा, गाडी सुरू असताना : थोडी रेस देऊन मोजावे. साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. रेस देऊनही १३ च्या खालीच राहत असेल, तर बिघाड चार्जिंग कॉइल, आरआर युनिट किंवा वायरिंगमध्ये आहे. १५ च्या वर जात असेल, तर आरआर युनिट करंट आवरत नाही. अशा गाडीत बॅटरी आतून सुकते, कधी फुगते आणि बल्बही वारंवार उडतात.

तिसरा आकडा चुकत असेल, तर नवी बॅटरी टाकणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. आधी चार्जिंगची दुरुस्ती, मग बॅटरी हा क्रम ठेवावा. तिन्ही आकडे ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असताना वीज कुठे जाते ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. बंद गाडीत ५० मिलिअँपिअर करंट जात असेल, तर दिवसाला १.२ एएच खर्च होतात. म्हणजे ३ एएचची बॅटरी अडीच दिवसांत संपते. घाईने जोडलेला जीपीएस किंवा अलार्म हे यामागचे नेहमीचे कारण.

नवी बॅटरी निवडताना काय पाहावे?

* क्षमता : जुन्या बॅटरीवर आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत व्होल्ट आणि एएच लिहिलेले असतात. १०० ते ११० सीसीच्या बहुतेक गाड्यांना २.५ ते ४ एएच, तर १५० सीसी व त्यापुढच्या अनेक गाड्यांना ८-९ एएचची बॅटरी असते. पुस्तिकेतला आकडा हाच अंतिम मानावा. कमी एएचची स्वस्त बॅटरी सेल्फच्या भाराने लवकर दमते. मोठी बॅटरी कोंबण्यासाठी ट्रे कापणे किंवा पट्टा सैल सोडणेही महागात पडते.

* आकार आणि टर्मिनल : लांबी, रुंदी, उंची जुळली पाहिजे आणि प्लस टर्मिनल त्याच बाजूला हवे. बाजू उलटी असेल, तर वायर ताणून जोडली जाते. पुढे शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

* उत्पादनाची तारीख : बॅटरीवरचा कोड दुकानदाराकडून समजून घ्यावा. दुकानात पडून असलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते. शक्यतो सहा महिन्यांच्या आतली घ्यावी आणि दुकानातच मीटर लावून पाहावे. १२.४ व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल, तर दुसरी मागावी किंवा पूर्ण चार्ज करून घ्यावी.

* वॉरंटी : ‘४८ महिने’ असे ऐकले की चार वर्षे मोफत बदलून मिळेल असा समज होतो. अनेकदा त्यातला पहिला काळ मोफत बदलीचा आणि उरलेला ‘प्रो-राटा’, म्हणजे वापरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने नव्या बॅटरीवर सवलतीचा असतो. दोन्ही काळ किती, ते कार्डावर वाचावे. तारीख, शिक्का आणि बॅटरीचा अनुक्रमांक असल्याशिवाय कार्ड घेऊ नये.

* बिल : २२ सप्टेंबर २०२५ पासून शिसे-आम्ल बॅटरीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा दावा करताना तेच कामी येते.

साधी बॅटरी घ्यावी की मेंटेनन्स फ्री?

साध्या बॅटरीत वरून झाकणे असतात आणि वेळोवेळी पाणी टाकावे लागते. मेंटेनन्स फ्री प्रकारात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि वरून सील असते. आम्ल सांडत नाही, पाणीही टाकावे लागत नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला पाण्याची पातळी पाहणे जमणार नसेल, तर हाच प्रकार सोयीचा. मात्र ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणजे चार्जिंगची काळजी नको, असा अर्थ नाही. तिचे सील उघडून पाणी भरण्याचा प्रयोग करू नये.

साधी बॅटरी असेल, तर पाणी फक्त डिस्टिल्डच वापरावे. बोअरचे किंवा आरओचे पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेट खराब करतात. पातळी दोन रेषांच्या मध्ये ठेवावी. पाणी कमी झाले म्हणून वरून आम्ल कधीही टाकू नये. नव्या बॅटरीत दुकानात आम्ल भरले असेल, तर पहिले चार्जिंग पूर्ण करूनच ती गाडीला बसवावी. ‘गाडी चालवली की होईल चार्ज’ हे उत्तर मान्य करू नये, कारण पहिल्याच दिवशी अर्धवट राहिलेले चार्जिंग पुढे आयुष्य घटवते.

काही नव्या गाड्यांत लिथियम बॅटरी असते. तिला वेगळा चार्जर लागतो. कंपनीने शिसे-आम्ल बॅटरी दिली असेल, तर स्वतःहून लिथियमवर जाण्याची गरज नाही.

घरच्या घरी काळजी कशी घ्यावी?

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने साफ करावी. साध्या बॅटरीची झाकणे तेव्हा घट्ट लावलेली असावीत. कोरडे झाल्यावर नट आवळून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. सैल नट हे ‘बॅटरी गेली’ वाटण्याचे सर्वांत स्वस्त कारण आहे.

बॅटरी काढताना आधी मायनस सोडवावा, बसवताना आधी प्लस जोडावा. मायनस गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला असतो. तो जोडलेला असताना प्लसवरचा पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणगी उडून शॉर्ट होतो.

ट्रेमधला रबरी पट्टा घट्ट असावा. रानातल्या कच्च्या रस्त्यावर आदळआपट होते, तेव्हा सैल बॅटरीतल्या प्लेटवरचा लेप गळतो आणि आत शॉर्ट होतो. दुधाचे कॅन नेण्यासाठी कॅरिअर वेल्डिंग करून घेताना बॅटरीची दोन्ही टोके सोडवून ठेवावीत, नाहीतर ईसीयू जाण्याची भीती असते. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढू नये आणि बॅटरीशिवाय गाडी चालवू नये.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर मायनस सोडवून ठेवावा. नुसती दोन मिनिटे सुरू करून बंद करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवणे चांगले.

चार्जिंगला लावताना किती करंट असावा?

साधारण नियम असा, की एएचच्या दहाव्या हिश्शाइतका करंट द्यावा. ३ एएचला ०.३ अँपिअर, ८ एएचला ०.८ अँपिअर. यामुळे पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. ट्रॅक्टर किंवा कारच्या बॅटरीच्या रांगेत मोठ्या चार्जरवर दुचाकीची बॅटरी तासाभरात ‘फुल्ल’ केली, तर ती तापून प्लेट वाकतात. चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जागा मोकळी असावी, जवळ विडी-काडी पेटवू नये. आम्ल डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टर गाठावा.

अडचणीत ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची असेल, तर ट्रॅक्टर बंद ठेवावा, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लावावा आणि गाडी सुरू होताच वायर काढावी. ट्रकवर हा प्रयोग टाळावा. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते.

जुनी बॅटरी भंगारात दिली तर काय बिघडते?

बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, म्हणून तिला भाव मिळतो. नवी घेताना दुकानदार जुन्या बॅटरीची किंमत वजा करतात. जुनी देऊन आणि न देता, असे दोन्ही भाव विचारावेत.

फोडून आम्ल मातीत ओतणाऱ्या आणि उघड्यावर शिसे वितळवणाऱ्याच्या हाती ती जाऊ नये. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला इजा करतात. शरीरात शिशाचे सुरक्षित मानावे असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आहे. बॅटरीचे बेकायदा, उघड्यावरचे पुनर्चक्रीकरण हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे हा अहवाल म्हणतो.

केंद्राचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. वापरलेल्या बॅटरीचे संकलन आणि पुनर्चक्रीकरण ही जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकानेही बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच द्यायची आहे. त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नवी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणे आणि बिलावर तशी नोंद करून घेणे.

वर्षभरात कधी काय करावे?

* फेब्रुवारी-मार्च : तिन्ही आकडे तपासावेत, साध्या बॅटरीचे पाणी पाहावे.
* एप्रिल-मे : गाडी सावलीत लावावी, पाण्याची पातळी दर महिन्याला पाहावी.
* जून : टर्मिनल साफ करून व्हॅसलिन लावावे, उघड्या वायरी झाकाव्यात.
* नोव्हेंबर : थंडीआधी पुन्हा आकडे तपासावेत. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली जात असेल आणि चार्जिंग ठीक असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे.